हातात बंदूक नसलेला बालसैनिक

मागच्या लेखात बालसैनिकांविषयी लिहिलं होतं. त्यावर कोल्हापूर आणि आसपासहून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतोय.

प्रश्न : आमचं राजारामपुरीतलं मंडळ यंदा ‘बालसैनिक’ हा जिवंत देखावा करतंय. दहा-बारा पोरं, खेळण्यातल्या बंदुका, धूर, स्फोटाचे आवाज असा थाट आहे. काही चुकतंय का?

विषय घेतलात, मानलं तुम्हाला. पण पहिल्यांदा बंदुका काढा. धूर सुटला आणि पोरगं बंदूक रोखून उभं राहिलं की गर्दी मोबाईल काढणार, शिट्ट्या वाजणार आणि बाहेर पडताना एखादं लेकरू आईकडे तसलीच बंदूक मागणार. झालं तुमचं प्रबोधन!

शिवाय ते चित्र अर्धवट आहे. मुलांना लढाईत वापरण्याविरुद्ध २००७ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय ‘पॅरिस तत्त्वां’नी बालसैनिकाची व्याख्या मुद्दाम रुंद केली. सशस्त्र गटांसाठी स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, निरोप पोचवणारी, हेरगिरी करणारी मुलं आणि लैंगिक शोषणासाठी ठेवलेल्या मुलीही त्यात येतात. म्हणून पहिल्या प्रवेशात काजळलेलं पातेलं डोक्यावर घेऊन माणसांच्या रांगेमागे चालणारी अकरा वर्षांची मुलगी दाखवा. दुसऱ्यात शेरडं राखता राखता रस्त्यावरच्या गाड्या मोजणारा पोरगा. तिसऱ्यात तोच पोरगा गावी परत येतो आणि शेजारीण दार लावून घेते. हा प्रवेश गाळू नका. मुलानं पळून जाऊ नये म्हणून त्याच्याकडून त्याच्याच गावावर हल्ला करवण्याचे प्रकार सिएरा लिओन, युगांडा या देशांत घडलेत. तिथं सुटका झाली तरी घर मिळत नाही.

शेवटी मोठ्या माणसांना पिंजऱ्यात उभं करा. आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाचा पहिलावहिला निकाल याच गुन्ह्याचा आहे. काँगोतल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा २०१२ मध्ये पंधरा वर्षांखालची मुलं लढाईत वापरल्याबद्दल दोषी ठरला आणि १४ वर्षांची शिक्षा झाली. आणि हो, इंटरनेटवरून उतरवलेले खऱ्या मुलांचे चेहरे फ्लेक्सवर लावू नका.

प्रश्न : मुलगा साडेसतरा वर्षांचा आहे, अग्निवीर भरतीची तयारी करतोय. आमच्या सैनिक टाकळीत घरटी फौजी. कॉलेजातलं कुणी म्हणालं, ‘हेसुद्धा बालसैनिकच की!’ खरं का?

नाही. संयुक्त राष्ट्रांचा यासंबंधीचा करार मे २००० मध्ये मंजूर झाला, भारतानं तो २००५ मध्ये स्वीकारला. अठराखालच्यांवर सरकारला भरतीची सक्ती करता येत नाही. स्वेच्छेनं घेता येतं, पण पालकांची संमती आणि वयाचा पुरावा लागतो. प्रशिक्षणानंतर मोहिमेच्या भागात अठरा पूर्ण झाल्यावरच पाठवू, असं भारतानं तेव्हा लिहून दिलंय. सशस्त्र टोळ्यांना मात्र अठराखालचं एकही मूल घेता येत नाही. सरकारी सैन्यातही सरसकट अठराच असावं, या मताचा मी आहे. पण पळवून नेलेलं पोर आणि पहाटे पाचला मैदानावर धावणारा तुमचा मुलगा एका मापानं मोजू नये. संमतीच्या कागदावर सही कराल ती वाचून करा. जन्मतारखेची ‘सोय’ लावणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच वाटेला लावा.

प्रश्न : १२ फेब्रुवारीला ‘रेड हँड डे’, म्हणजे बालसैनिक वापरण्याविरुद्धचा दिवस. त्यासाठी आठवीच्या मुलांकडून लाल तळव्यांचे ठसे घ्यायचेत. मुख्याध्यापक म्हणतात, पंजा कशाला, निवडणुकीचं वाटेल. आणि ठशांनी होतं काय? (एक शिक्षिका, कागल)

सरांना सांगा, या पंजाला मत मागायचं नाही! वरचा करार २००२ मध्ये याच तारखेला लागू झाला, म्हणून तो दिवस. २००९ मध्ये जगभरातले अडीच लाखांच्या आसपास ठसे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या हाती दिले गेले. तुमचे ठसे भिंतीवर वाळत ठेवलेत तर काही होणार नाही. प्रत्येक ठशाखाली मुलानं स्वतःची एक ओळ लिहावी आणि गठ्ठा खासदारांकडे जावा. रंग धुतल्यावर निघेल असा घ्या, नाहीतर पालक तुमच्याच नावानं ओरडतील.

प्रश्न : नववीतल्या मुलाच्या मोबाईलवर कोयता घेतलेला रील सापडला. गल्लीतला एक ‘भाई’ त्याला पाकिटं पोचवायला लावतो, वर पाचशे देतो. तुमच्या लेखाशी याचा संबंध नसेल, पण विचारू कुणाला?

ताई, संबंध आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ८३ बघा. पहिलं पोटकलम अतिरेकी गटांनी मुलं वापरण्याविषयी, दुसरं कुठल्याही मोठ्या माणसानं बेकायदा कामाला मूल लावण्याविषयी. दोन्हींना शिक्षा सारखीच : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. भुलवायची रीतही फार वेगळी नसते. बूट, मोबाईल आणि ‘आता तू मोठा झालास’ हे वाक्य.

मुलाला मारू नका. मारलंत तर भाईच त्याला जवळचा वाटेल. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, तिथं आधी बोला. घरात एखादं पाकीट राहिलं असेल तर फोडू नका, आणि परत करायला त्याला पाठवू तर मुळीच नका.