हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही : शैक्षणिक कर्जाबद्दल वाचकांचे प्रश्न

बी.ई.साठी चार लाखांचं कर्ज काढलं होतं. मनासारखी नोकरी लागली नाही म्हणून छत्रपती संभाजीनगरला एम.टेक.ला प्रवेश घेतला. दोन महिन्यांनी हप्ता सुरू होतोय. शिकतोय म्हटल्यावर तो आपोआप पुढे जाईल ना? (नांदेड)

नाही, आपोआप काहीच होत नाही. अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष ही जी सवलत बँक देते, ती ज्या शिक्षणासाठी कर्ज घेतलं त्याची असते. तुमच्या एम.टेक.ची बँकेला खबरच नाही. ही मुदत संपायच्या आत पुढचं शिक्षण सुरू झालं, तर हप्ते पुढे ढकलायला वाव असतो, पण निर्णय शाखेचा. म्हणून याच आठवड्यात जा. अर्ज, प्रवेशपत्र, बोनाफाईड आणि फीची पावती न्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. साहेब तोंडी ‘बघू’ म्हणाले, तर त्यावर विसंबू नका. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत खात्यावर हप्त्यापुरते पैसे ठेवा, नाहीतर ऑटो-डेबिट परत जाईल आणि त्याचा दंड वेगळा लागेल.

बी.ई.च्या काळातलं व्याज केंद्राच्या अनुदानातून भरलं गेलं असेल, तर ती सवलत विद्यार्थ्याला एकदाच मिळते. एम.टेक.ची दोन वर्षं ती धरून चालू नका.

दोन हप्ते थकलेत. कर्जावर वडिलांची सही आहे. त्यांच्या पीककर्जाला अडचण येईल का? घरी अजून सांगितलेलं नाही. (लातूर जिल्हा)

येऊ शकते. वडील नुसते सही करणारे नाहीत, ते सहकर्जदार आहेत. थकलेला प्रत्येक हप्ता तुमच्याइतकाच त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढतो. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे अनुत्पादक कर्जांत, जातं आणि मग शाखा व्यवस्थापकाचेही हात बांधले जातात.

मी बँकेच्या शाखेत कामाला होतो तेव्हाची गोष्ट. जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता. एक शेतकरी पीककर्जाचं नवं-जुनं करायला आले. सातबारा आणि आठ-अ प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर गुंडाळलेलं. संगणकावर त्यांचं नाव टाकलं, तर मुलाचं कर्ज थकलेलं. त्यांना पत्ताच नव्हता. ते वळून दाराकडे बघायला लागले. मुलगा बाहेर लिंबाखाली उभा होता, आत यायला तयार नव्हता. त्या दिवशी आम्ही त्यांना तसंच परत पाठवलं. ते मला आजही टोचतं, कारण मुलगा महिनाभर आधी येऊन बोलला असता तर मार्ग निघाला असता.

तुमच्या हातात अजून दिवस आहेत. आधी वडिलांना सांगा, मग दोघं मिळून शाखेत जा. निदान एक हप्ता भरा म्हणजे नव्वद दिवसांची वेळ तूर्त टळेल, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करायचा अर्ज द्या. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येणार असतील, तर अर्जात तसंच लिहा. पैसा कधी आणि कुठून येणार हे कळलं, की व्यवस्थापकालाही वर शिफारस करता येते.

परभणीत एम.एस्सी. करते. कर्ज तीन लाख, हप्ता अजून सुरू नाही. शिकवणीचे महिन्याला पाच हजार मिळतात. आत्तापासून काही भरावं का? (परभणी)

भरा, पण फक्त व्याज. नऊ टक्क्यांनी तीन लाखांचं महिन्याचं व्याज 2,250 रुपये होतं. दोन वर्षं भरलं नाही तर 54,000 रुपये मुद्दलात मिसळतात आणि पुढे त्यांच्यावरही व्याज चढतं. सात वर्षांची फेड धरली, तर आज व्याज भरल्यास हप्ता साधारण 4,830, नाही भरल्यास 5,700 च्या आसपास. काही बँका शिकताना नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात, शाखेत विचारून घ्या. मेसचे पैसे मात्र यात घालू नका. परीक्षेच्या महिन्यात शिकवणी बंद राहिली, तर तेवढ्यापुरतं व्याज थांबवलं तरी चालेल, हप्ता सुरू होईपर्यंत ते थकीत धरत नाहीत.

भाऊ नोकरीला आहे, माझ्या कर्जाचे हप्ते तोच भरतो. त्याला आयकरात सूट मिळेल का? (बीड)

नाही. शैक्षणिक कर्जाची वजावट (1961 च्या आयकर कायद्यात कलम 80ई) स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज घेणाऱ्याला मिळते. भावंडं त्यात बसत नाहीत. वजावट फक्त व्याजाची, तीही जुन्या करप्रणालीत.

हप्ता चुकू नये म्हणून मोबाईल ॲपवरून आठ हजार घेतले. आता सकाळ-संध्याकाळ फोन येतात, मैत्रिणींनाही केले. (धाराशिव)

आधी हे ॲप कोणत्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं आहे ते शोधा, डिजिटल कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई आहे, मैत्रिणींना त्रास द्यायचा तर अधिकारच नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा. यादीत नाव नसेल किंवा धमक्या येत असतील, तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. हे फेडायला दुसरं ॲप उघडू नका. आठ हजारांसाठी घरच्यांना सांगायची लाज वाटत असेल, तर मावशीला, काकांना, ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं त्यांना आज रात्रीच सांगा.