ॲबनॉर्मल सायकॉलॉजी, म्हणजे मानसिक आजारांचा विषय, घेतलीयेस ना, मग हे ऐक
अगं पहिल्या महिन्यात कुठलाही चॅप्टर वाचलास की वाटणार हे तर मलाच आहे, मग आईला, मग रूममेटला, सगळ्यांचंच होतं, मी तर स्वतःला तीन आजार लावून बसले होते. नुसती लक्षणं घोकू नकोस, ती किती काळ टिकायला हवीत तो कालावधी पक्का कर, खरी गोची तिथेच आहे. डिप्रेशनला 9 पैकी निदान 5 लक्षणं आणि 2 आठवडे, मेनियाला (मूड अतिच चढलेला असतो तो) 1 आठवडा, हायपोमेनियाला (त्याचंच सौम्य रूप) 4 दिवस, स्किझोफ्रेनियाला 6 महिने. सीनियरच्या नोट्स घेतल्यास तर त्या डीएसएम-5 च्याच (मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक, पाचवी आवृत्ती) आहेत ना ते बघ, जुन्या आवृत्तीत ॲस्पर्जर सिंड्रोम वेगळा असायचा, 2013 पासून तो ऑटिझममध्येच धरतात. आणि प्लीज, मैत्रिणींचं निदान करत फिरू नकोस, मी केलंय, एक जण अजून बोलत नाही माझ्याशी.