दुसरा मोसम बघून बोलतो

प्रश्न असा आहे की आजच्या तरुण खेळाडूंपैकी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये दहा वर्षं टिकतील असे कोण, आणि चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये शतक ठोकणारा वैभव सूर्यवंशी त्यात धरायचा का. उत्तर लांबेल, कारण नुसती नावं फेकणं सोपं आहे आणि मी ती याआधी फेकून तोंडावर पडलोय.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये टाउन्सव्हिलला १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उन्मुक्त चंदने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १११ केल्या, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं की हा भारताचा पुढचा कर्णधार. तो भारताकडून एकही सामना खेळला नाही. २०१८ मध्ये पृथ्वी शॉने राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ ठोकल्या. पुन्हा तीच छाती, तोच ठोका. त्यामुळे माझ्या शब्दावर पैज लावू नका. पण दोनदा आपटल्यावर मी कशाकडे बघायला लागलो, ते ऐका.

पहिल्या यशाला मी आता फार किंमत देत नाही. नवा फलंदाज आला की पहिले काही महिने गोलंदाजांकडे त्याचा हिशेब नसतो. मग व्हिडिओ काढले जातात, कुठल्या टप्प्यावर त्याची बॅट कुठून येते ते मोजलं जातं आणि दुसऱ्या फेरीत त्याला नेमका तोच चेंडू मिळतो. या दुसऱ्या फेरीत खेळाडू काय करतो, त्यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

कोहलीचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, तरी देतो. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा, इंग्लंडचा तेज गोलंदाज अँडरसनने चार वेळा बाद केलेला. २०१८ मध्ये त्याच देशात, त्याच अँडरसनसमोर ५९३ धावा, आणि अँडरसनला तो एकदाही मिळाला नाही. शुभमन गिलबद्दलही आशियाबाहेर त्याला जमत नाही असं आपण सगळे म्हणत होतो, आकडेही तेच सांगत होते. २०२५ मध्ये कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला आणि ७५४ धावा करून आला, त्यात एजबॅस्टनच्या एकाच कसोटीत २६९ आणि १६१. यशस्वी जैस्वालला दक्षिण आफ्रिकेत पहिल्या मालिकेत काही सुचलं नव्हतं. पुढच्याच इंग्लंड मालिकेत ७१२. पर्थला २०२४ मध्ये पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १६१. ही माणसं मार खाऊन घरी जातात आणि काहीतरी बदलून परत येतात.

आता उलट बाजू. शॉची बॅट आणि पॅड यांमधली फट आपण सगळे बघत होतो. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला स्टार्कने सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर त्याच्या यष्ट्या उडवल्या आणि दुसऱ्या डावात कमिन्सने ४ धावांवर त्याच फटीतून त्रिफळा घेतला. त्यानंतर कसोटी नाही. हात, नजर, टायमिंग, काय नव्हतं त्याच्याकडे? पण गोलंदाजांनी प्रश्न बदलला तेव्हा उत्तर जुनंच राहिलं.

१९ वर्षांखालील विश्वचषकाबद्दल एक गंमत सांगतो. अंतिम सामन्यातल्या वीरापेक्षा संपूर्ण स्पर्धेतल्या मालिकावीराकडे बघा. युवराज (२०००), धवन (२००४), पुजारा (२००६), साउदी (२००८), मार्करम (२०१४), मेहदी हसन मिराझ (२०१६), गिल (२०१८), जैस्वाल (२०२०). या यादीला नावं ठेवायला जागा नाही. अपवाद आहेतच: २०१० चा डॉमिनिक हेंड्रिक्स आणि २०१२ चा विल्यम बोसिस्टो, दोघांनाही वरिष्ठ संघाची टोपी मिळाली नाही. तरी महिनाभर वेगवेगळ्या संघांसमोर, वेगवेगळ्या खेळपट्ट्यांवर सातत्याने खेळणं ही एका दुपारच्या शतकापेक्षा जास्त भरवशाची खूण आहे, एवढं मी मानतो.

तर सूर्यवंशी. २८ एप्रिल २०२५, जयपूर, समोर गुजरात टायटन्स: ३५ चेंडूंत शतक, एकूण ३८ चेंडूंत १०१, त्यात ११ षटकार. आयपीएलमध्ये त्याहून वेगवान शतक फक्त गेलचं, ३० चेंडूंतलं. शतक पूर्ण झालं ते रशीद खानला षटकार मारून. वय वर्षं १४. त्या रात्री मीही खुर्चीत बसू शकलो नव्हतो, खोटं कशाला बोलू. पुढच्याच सामन्यात मुंबईविरुद्ध दोन चेंडूंत शून्य. मला ते शून्यही आवडलं, कारण त्यानंतरच्या सामन्यांत तो घाबरून बॅट आत ओढून बसला नाही. मोसमाअखेर सात सामन्यांत २५२ धावा आणि स्ट्राइक रेट दोनशेच्या वर.

चेंडू सोडून द्यायची वेळ आली की तो काय करतो, हे मात्र आपण फारसं पाहिलेलंच नाही. वीस षटकांच्या सामन्यात चेंडू सोडणं हा गुन्हा, कसोटीत तो धंदा. युवा (१९ वर्षांखालील) कसोटीत त्याने चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५८ चेंडूंत शतक केलं, ब्रिस्बेनलाही शतक केलं, पण मोठ्यांच्या लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये त्याचं काम अजून थोडंच आहे. आणि एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. १४ ते १८ या वयात शरीर बदलतं. उंची वाढते, खांदे भरतात, तोल सरकतो. लहानपणी आपोआप जमणारा फटका सोळाव्या वर्षी अर्ध्या क्षणाने चुकायला लागतो आणि पोराला कळत नाही काय बिघडलं. तेव्हा जवळ शहाणा प्रशिक्षक हवा, जाहिरातवाले कमी हवेत. आयसीसीच्या नियमाप्रमाणे १५ पूर्ण झाल्याशिवाय, खास परवानगी सोडली तर, आंतरराष्ट्रीय सामना खेळता येत नाही, आणि त्याचा पंधरावा वाढदिवस २७ मार्च २०२६ चा. टी-ट्वेंटीत तो भारताकडून खेळेल आणि गाजेल, हे मी आज लिहून देतो. कसोटीबद्दल विशीत आल्यावर विचारा.

खरं सांगायचं तर लाल चेंडूसाठी मला आयुष म्हात्रे जास्त भरवशाचा वाटतो. त्याच्याकडे सूर्यवंशीसारखा दैवी हात नाही. पण १७ व्या वर्षी मुंबईकडून रणजी करंडकात सलामीला येऊन महाराष्ट्राविरुद्ध १७६ आणि सेनादलाविरुद्ध ११६, मग आयपीएलमध्ये चेन्नईकडून बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४, मग १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार म्हणून इंग्लंडमध्ये दोन युवा कसोटींत दोन शतकं. तीन वेगळी कामं आणि तिन्ही जमली. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या पोरांना एक खडूसपणा असतो, विकेट फेकायची लाज वाटते. तो त्याच्यात दिसतो. नव्वदीत बाद झाल्यावरचा त्याचा चेहरा बघा.

भारतीय गोलंदाजांत हर्ष दुबेचं नाव लोक विसरतात. विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू. २०२४-२५ च्या रणजी मोसमात त्याने ६९ बळी घेतले, एका मोसमातला हा विक्रम आहे, आणि विदर्भाने करंडक जिंकला. अश्विन निवृत्त झालाय, जडेजाही कायम राहणार नाही. जागा रिकामी होणार आहे आणि हा खालच्या क्रमांकावर बॅटही चालवतो. त्याचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही, कारण एकाच टप्प्यावर तासभर टाकणं तीस सेकंदांत दाखवता येत नाही.

तेज गोलंदाजांचं भाकीत मी करतच नाही. म्हणजे करतो, पण जीव मुठीत धरून. कमिन्सने २०११ मध्ये १८ व्या वर्षी जोहान्सबर्गला पदार्पणात एका डावात सहा बळी घेतले आणि त्याची दुसरी कसोटी उगवली २०१७ मध्ये, रांचीला. मधली सव्वापाच वर्षं पाठीत आणि पायात गेली. पाठीच्या खालच्या मणक्यांची हाडं विशीच्या पलीकडेही पक्की होत असतात आणि ताशी १४५ च्या वेगाचा गोलंदाज प्रत्येक चेंडूला त्यांवर घाव घालतो. मयंक यादवचं आपल्या डोळ्यांसमोर तेच झालं: २०२४ च्या आयपीएलमध्ये १५६.७ चा चेंडू, पहिल्या दोन्ही सामन्यांत सामनावीर, आणि मग दुखापतींची रांग. तरी एक नाव हवंच असेल तर दक्षिण आफ्रिकेचा क्वेना मफाका. २०२४ च्या युवा विश्वचषकात २१ बळी घेऊन मालिकावीर, डावखुरा, वेगवान, ऑगस्ट २०२५ मध्ये डार्विनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २० धावांत ४. त्याला वर्षात किती षटकं टाकायला लावतात यावर सगळं आहे.

त्याच देशाचा डेवाल्ड ब्रेव्हिस हा माझ्या दुसऱ्या फेरीच्या सिद्धांताचा आवडता पुरावा. २०२२ च्या युवा विश्वचषकात ५०६ धावा करून त्याने धवनचा १८ वर्षं टिकलेला ५०५ चा विक्रम एका धावेने मोडला. ‘बेबी एबी’ म्हणून कौतुक झालं. २०२३ मध्ये वरिष्ठ संघात घेतलं, दोन सामन्यांत काही जमलं नाही, बाहेर बसवलं. आपल्याकडे तिथेच गोष्ट संपली असती. २०२५ मध्ये परतला आणि डार्विनला ५६ चेंडूंत नाबाद १२५. पूर्वी तो प्रत्येक चेंडू मैदानाबाहेर टाकायला जायचा. आता कुठला टाकायचा हे निवडतो. लुआन-द्रे प्रिटोरियसने बुलावायोला १९ व्या वर्षी कसोटी पदार्पणात १५३ केल्या, पण समोर झिम्बाब्वे होता, त्याची दुसरी फेरी व्हायची आहे.

इंग्लंडचा जेकब बेथेल मला तंत्रामुळे आवडतो. प्रथम श्रेणीत एकही शतक नसताना त्याला २०२४ मध्ये न्यूझीलंडमध्ये थेट तिसऱ्या क्रमांकावर उतरवलं, तेव्हा लोक हसले. तीन कसोटींत तीन अर्धशतकं, त्यात एक ९६. त्याच्याकडे चेंडूसाठी वेळ असतो, घाई दिसत नाही. ती गोष्ट शिकवून येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सॅम कोन्स्टासबद्दल विचाराल म्हणून सांगून टाकतो. २०२४ च्या बॉक्सिंग डे कसोटीत बुमराला उलटा रॅम्प (बॅट उलटी फिरवून चेंडू मागे उचलायचा फटका) मारून षटकार, ६५ चेंडूंत ६०, सगळी दुनिया वेडी. दुसऱ्याच डावात बुमराने आत आणलेल्या चेंडूवर त्याचा ८ धावांवर त्रिफळा उडवला, म्हणजे हिशेब लागायला तीन दिवस लागले. वेस्ट इंडिजच्या तीन कसोटींत एकही अर्धशतक नाही. त्याचं वय बघता हा शेवट नाही, पण नावाभोवतीचा गाजावाजा बराच आधी झाला.

फिरकीत अफगाणिस्तानच्या नूर अहमदवर माझा भरवसा आहे. गूढ फिरकीपटूंची दुसरी फेरी सगळ्यात निर्दय असते. श्रीलंकेचा अजंता मेंडिस आठवा: २००८ मध्ये आपल्याविरुद्ध पहिल्याच मालिकेत तीन कसोटींत २६ बळी आणि आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात १३ धावांत ६. दोन वर्षांत फलंदाजांनी त्याचा हात वाचला आणि संपलं. नूरचं उलट आहे. विशीच्या आतच जगभरच्या लीगमध्ये त्याला सगळ्यांनी खेळून पाहिलंय, तरी २०२५ च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून २४ बळी. वाचला गेल्यावरही बळी घेतो, म्हणजे नुसत्या गूढावर चालत नाही.

प्रश्नात मुलींचा उल्लेख नव्हता, तो असायला हवा होता. कारण यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण शफाली वर्मा आहे. १५ व्या वर्षी भारताकडून खेळली, आखूड चेंडूंवर अडकली, एकदिवसीय संघातून गेली, २०२५ च्या विश्वचषकाच्या मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून उपांत्य सामन्याला बोलावलं. तिथे १० धावा. अंतिम सामन्यात ७८ चेंडूंत ८७ आणि वर ३६ धावांत २ बळी, सामनावीर, वय २१. इतकं बघून झाल्यावरही तिला ‘उगवती’ म्हणायची पद्धत आहे. नव्यांत क्रांती गौड बघा, इंग्लंडमध्ये ५२ धावांत ६ बळी घेणारी. चेंडू आत आणते आणि मार पडला तरी टप्पा सोडत नाही. बाहेरच्यांत ऑस्ट्रेलियाची फीबी लिचफिल्ड. त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तिने ११९ धावा करून आपल्याला जवळजवळ बाहेर काढलं होतं.

वयाची एवढी घाई करू नका. मायकल हसीला ऑस्ट्रेलियाने कसोटी दिली तेव्हा तो ३० वर्षांचा होता आणि प्रथम श्रेणीत १५,००० हून अधिक धावा करून बसला होता. सूर्यकुमारही भारताकडून पहिल्यांदा खेळला तो तिशीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये पृथ्वी शॉने महाराष्ट्राकडून चंडीगढविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ केल्या. तेव्हा तो पंचविशीत होता. मी ती खेळी शोधून बघितली, धावांसाठी नाही, आत येणाऱ्या चेंडूला पुढचा पाय कुठे पडतो ते बघायला. थोडा जवळ पडतोय. त्याचं नाव मी अजून खोडलेलं नाही.