कोच कुणाचा भारी, पोरगा कुणाचा गुणी

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. भाचा ओहायो स्टेट विद्यापीठात शिकतोय, दीर डेट्रॉइटला राहून मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कट्टर, आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणात दोघांची जुंपली. दीर म्हणाले, ओहायो स्टेटचा रायन डे हा पैशाने पोरं गोळा करणारा कोच, आमचा ब्राइस अंडरवुड मात्र पुढचा टॉम ब्रेडी, म्हणजे मिशिगनमधूनच निघालेला या खेळातला दिग्गज. भाचा म्हणाला, आमच्या जेरेमाया स्मिथसारखा पोरगा तुमच्या सात पिढ्यांत झाला नाही. भाजी गार झाली. आता तुम्ही विचारताय, दोघांत खरं कोण बोलतंय?

मी टोलेडोत राहतो, म्हणजे ऐन सीमेवर. 1835 साली या गावावरून ओहायो आणि मिशिगन एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. शेवटी गाव ओहायोला मिळालं आणि मिशिगनच्या पदरात वरचा द्वीपकल्प पडला. बेळगावचं ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या गल्लीत एका दारावर लाल-करडा झेंडा असतो, तर शेजारच्या दारावर निळा-पिवळा. दोन्ही घरी माझं जाणं-येणं आहे, त्यामुळे मी दोघांनाही संशयितच.

हे कॉलेजच्या पोरांचे सामने आहेत हे आपल्या लोकांना पटकन पटत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की छप्पर उडेल असं वाटतं ना? तोच आवाज एक लाख माणसांनी काढलाय अशी कल्पना करा. मिशिगनच्या अॅन आर्बरमधल्या स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात, ओहायो स्टेटच्या कोलंबसमधल्यात 1,02,780. दोघांचा पहिला सामना 1897 चा. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर, म्हणजे मिशिगनच्या ‘एम’वर, लाल पट्ट्या चिकटवतात. तुमच्या भाच्यानेही एखादी चिकटवली असणार.

आधी कोचचं बघू. इथे कोचला एका शनिवारच्या सामन्यावरून जोखतात, आणि बाहेरच्यांना तो वेडेपणा वाटतो. जॉन कूपर तेरा वर्षं ओहायो स्टेटचे कोच होते, एरवी भरपूर जिंकले, पण मिशिगनविरुद्ध हिशेब 2 विजय, 10 पराभव, 1 बरोबरी. गेले घरी. त्यांच्या जागी 2001 च्या जानेवारीत जिम ट्रेसेल आले. पहिल्याच भाषणात त्यांनी अॅन आर्बरच्या सामन्याला किती दिवस उरलेत तेवढे मोजून सांगितले, 310. लोकांनी त्यांना त्याच क्षणी आपलं मानलं. पुढे ते जिंकलेही.

आता रायन डे. 2024 च्या मोसमाअखेर त्यांचा हिशेब 70 विजय आणि 10 पराभव, आणि त्या दहातले चार एकट्या मिशिगनकडून. दीर हे चार आकडे पाठ म्हणत असतील, म्हणू द्या. त्यातला चौथा खरोखर जिव्हारी लागणारा होता. 30 नोव्हेंबर 2024, घरचं मैदान, समोरचा मिशिगन संघ क्रमवारीतही नाही, आणि 13–10 ने हार. त्या रात्री आमच्या लाल-करड्या शेजाऱ्याने डे यांना काढायला निघालेल्या तीन ऑनलाइन अर्जांवर सही केली. बरोबर 51 दिवसांनी तोच शेजारी अंगणात नाचत होता, कारण डे यांचा संघ नोत्र दाम विद्यापीठाला 34–23 ने हरवून देशाचा विजेता झाला होता. तेही प्लेऑफमधली, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतली, संघांची संख्या चारावरून बारावर नेली त्याच वर्षी. जुना नियम असता तर दोन पराभव झालेल्या या संघाला दारातूनच परत पाठवलं असतं, असं माझं मत. म्हणजे कोच तोच, पोरं तीच. नियम बदलला म्हणून निकम्मा माणूस थोर ठरला.

2025 ला डे अॅन आर्बरला जाऊन 27–9 ने जिंकले. मिशिगनकडे आता युटाहून आलेले कोच काइल व्हिटिंगहॅम आहेत. त्यांच्याबद्दल आत्ताच मत मागू नका.

आणि हे दोन गोटातले कोच एकमेकांचे वैरी वगैरे दिसतात ते फक्त आपल्याला. 1969 ते 1978 या दहा वर्षांना इथे सरळ ‘दहा वर्षांचं युद्ध’ म्हणतात. ओहायो स्टेटचे वुडी हेज विरुद्ध मिशिगनचे बो शेम्बेक्लर. पण बो हे हेज यांच्याच हाताखाली खेळलेले, त्यांचेच सहायक कोच राहिलेले. घरचाच चेला! पहिल्याच वर्षी गतविजेत्या गुरूला त्याने 24–12 ने पाडलं. दहा वर्षांचा हिशेब चेल्याच्या बाजूने 5–4–1 असा, म्हणजे जवळपास बरोबरीच.

पैशाने पोरं आणतात हा दीरांचा मुद्दा खरा आहे, पण तो त्यांच्याही अंगावर येतो. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि जून 2025 च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे वाटू शकतात, 2025-26 या पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. अंडरवुडने आधी लुइझियानातल्या एलएसयू विद्यापीठाला शब्द दिला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये तो फिरवून मिशिगनला आला. घर जवळच आहे त्याचं, पण फक्त आईच्या हातच्या जेवणासाठी आला असेल असं मला वाटत नाही. तेव्हा या बाबतीत दोघांनीही गप्प बसावं.

आता पोरांचं, आणि खरी गंमत इथेच आहे. स्मिथ आणि अंडरवुड यांची तुलनाच चुकीची. दोघेही आपापल्या वर्षी देशात पहिल्या नंबरचे शाळकरी खेळाडू, इथवर ठीक. पण स्मिथ रिसीव्हर आहे. त्याने पळायचं, उडायचं, चेंडू धरायचा. देवाने शरीर दिलं असेल तर पहिल्या वर्षीच जमतं, आणि त्याने 76 झेल, 1,315 यार्ड, 15 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) करून दाखवलं. अंडरवुड क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा. समोरचे अकरा जण काय करणार आहेत ते दोन-तीन सेकंदांत वाचून त्याला ठरवायचं असतं. हे काम वयाने येतं, आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या पोराला मिशिगनने पहिल्या सामन्यापासून उभं केलं.

1972 पर्यंत पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात घेतच नसत. नियम उठला त्या वर्षी कोलंबसचाच आर्ची ग्रिफिन ओहायो स्टेटला आला. पहिल्या सामन्यात एकदाच चेंडू हातात आला, तोही सुटला. दुसऱ्या सामन्यात हेज यांनी त्याला पुन्हा उतरवलं आणि तो 239 यार्ड पळाला. पुढे हाइझमन करंडक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, दोनदा जिंकणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू. कुणी त्याला पहिल्या शनिवारी मोडीत काढलं असेल तर त्या माणसाचं पुढे काय झालं कोण जाणे!

म्हणून मी कोचला त्याच्या बाकावर बसलेल्या पोरांवरून ओळखतो. 1999 मध्ये मिशिगनच्या बाकावर कधीकधी टॉम ब्रेडी असायचा. त्याच्याहून लहान, मिशिगनमधलाच ड्रू हेन्सन हा तेव्हाचा लाडका. त्या मोसमाच्या सुरुवातीला कोच लॉइड कार सामन्याच्या चार सत्रांपैकी पहिल्यात ब्रेडीला खेळवत, दुसऱ्यात हेन्सनला, आणि पुढे कोण खेळणार ते मध्यंतराला ठरवत. ब्रेडी व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत 199 वा गेला. हेन्सन बेसबॉलकडे वळला. पण कार मूर्ख होते असं म्हणायची माझी तयारी नाही, कारण 2000 साली याच हेन्सनने कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटला 38–26 ने हरवलं होतं.

दुसऱ्या बाजूला जो बरो. ओहायोतच वाढलेला हा पोरगा ओहायो स्टेटमध्ये मागे पडला, कारण हाताला दुखापत झाली आणि ड्वेन हॅस्किन्स पुढे गेला. हॅस्किन्सने 2017 ला मिशिगनविरुद्ध ऐनवेळी उतरून सामना काढला, तेव्हा त्याला निवडणं चूक कसं म्हणायचं? बरो एलएसयूला गेला आणि 2019 मध्ये एकही सामना न हरता विजेतेपद आणि हाइझमन दोन्ही घेऊन बसला. दोन्ही पोरं गुणी होती, जागा एकच होती.

तेव्हा पुढल्या वेळी दीरांना एवढंच विचारा, 1999 ला तुम्ही हेन्सनच्या बाजूने होतात की ब्रेडीच्या? आता जो भेटतो तो ब्रेडीच्याच बाजूचा असतो, पण डोळ्यात बघून विचारा. आणि भाच्याला विचारा, 13–10 च्या त्या रात्री डे यांच्याबद्दल तुझं मत काय होतं? यंदाचा सामना कोलंबसला आहे. दीर आले तर निळा कोट घरी ठेवून यायला सांगा, आणि भाजी सामना संपल्यावरच वाढा.