तापीत स्टर्जन मिळेल का, आणि नवशिक्यानं गळ कुठे टाकावा?

तुम्ही विचारलंय: "परदेशात नदीत सोडलेले स्टर्जन लोक गळानं धरतात, असा व्हिडिओ पाहिला. मी भुसावळचा, गळ कधी हातात धरला नाही. तापीवर असं काही जमेल का?"

स्टर्जन विसरा भाऊ. तो युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड पाण्याचा मासा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे माणूसच कसाबसा तगतो. पण सोडलेला मासा तापीत भरपूर आहे: रोहू, कटला, मृगळ. फक्त सोडण्यामागचं कारण वेगळं, आणि नवशिका तिथेच फसतो. मीही फसलो होतो.

अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यात २००० सालापासून लेक स्टर्जनची पिल्लं सोडतात, कारण तिथून तो जवळजवळ संपला होता. त्याची मादी वयात यायला वीसेक वर्षं लागतात. म्हणून गळाला लागला तरी तो लगेच पाण्यात परत सोडावा लागतो. आपला रोहू दोनेक वर्षांत वयात येतो, पण त्याला विणीसाठी पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते नीट साधत नाही, म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागतात. बहुतेक धरणांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि बोटुकलीचा खर्च तीच करते. थोडक्यात, तुमच्यासमोर असतं ते कुणीतरी पेरलेलं पीक.

मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी काठावर ऐटीत बसलो होतो, तर होडीतून एक म्हातारबुवा आले आणि त्यांनी पावती विचारली. पावती कसली? मान खाली घालून गळ गुंडाळला. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या माणसाला भेटलो, परवानगी घेतली, आणि पुढचं सगळं त्याच म्हातारबुवांनी शिकवलं. तेव्हा धरण हतनूर असो, गिरणा असो की वाघूर, गळ विकत घेण्याआधी पाणी कुणाकडे आहे ते विचारा. त्यांची जाळी कुठे लागलीत तेही कळतं, नाहीतर तुमचा गळ त्यातच अडकायचा.

आता मासा राहतो कुठे? कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी. तुमच्या व्हिडिओतला स्टर्जनही तळातलाच; तोंडापुढच्या चार मिश्यांनी चिखल चाचपतो आणि दात नसलेलं तोंड नळीसारखं पुढे काढून खाणं ओढून घेतो. तसाच खेळ हवा असेल तर मृगळाच्या मागे लागा.

त्यासाठी शिसं तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीवर, सरकतं ठेवायचं, खाली गाठ मारून अडवायचं आणि गाठीपुढे वीतभर अंतरावर गळ. शिसं पक्कं बांधलं तर माशाला आमिष उचलताच वजन जाणवतं आणि तो ते थुंकतो. सरकतं असेल तर दोरी शिशातून मोकळी जाते. काठी बाभळीच्या बेचकीत टेकवा, टोकाला घुंगरू बांधा. तरंड्याचा, म्हणजे दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवायच्या खुणेचा, मोह नको. मी आधी तरंडा आणि गांडूळ घेऊन बसायचो, तर सकाळभर तळहाताएवढ्या तिलापियाच लागायच्या.

आमिष घरातच आहे. कळण्याचं पीठ, म्हणजे भाकरीचं ज्वारी-उडदाचं! उडदामुळे ते चिकट असतं, गळावरून लवकर सुटत नाही. त्यात भुईमुगाची ढेप, म्हणजे पेंड, कुटून आणि थोडा गूळ घालून घट्ट मळा, बोराएवढा गोळा लावा. त्याच ढेपेचे दोन-चार मोठे गोळे गळाच्या जागी आधी टाकून ठेवा. घरी कळण्याचं पीठ कमी का झालं, याचं उत्तर मात्र तुमचं तुम्ही द्या.

मग वाट पाहायची. म्हातारबुवा एकच सांगायचे, "उगामुगा बठ ना भो," म्हणजे गपचूप बस ना भाऊ. घुंगरू एकदा किणकिणलं की नवशिका झटका मारतो आणि मासा जातो. काठीचं टोक सलग वाकू लागलं की मगच उचला. रिळाचा ब्रेक ढिला हवा, हातानं ओढलं तर तंगूस कुरकुरत सुटावा इतपत. माझा पहिला मोठा मासा ब्रेक आवळून ठेवल्यामुळेच गेला; तंगूस तटकन तुटला. काय होता ते दिसलंसुद्धा नाही.

दिवस निवडायचे तर पावसाळा सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. पहाटे. कडाक्याच्या थंडीत मासा सुस्त असतो, खायला निघत नाही. पावसाळ्यात जाऊच नका. एक तर माशाची वीण, दुसरं म्हणजे हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडले की खालच्या पात्रात पाणी बघता बघता चढतं. एरवीही काठचा सुकलेला दिसणारा गाळ वरून टणक आणि आतून लोणी असतो. काठीनं चाचपून पाय टाका. मी एक चप्पल तिथेच देऊन आलोय.

सुरुवातीला महागडं रीळ घेऊ नका. साधी काठी, साधंच रीळ, ०.३५ मिमीचा तंगूस, दोन-चार गळ, थोडं शिसं, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. आणि संस्थेकडे जाताना सकाळी लवकर जा, नऊनंतर ते लोक मासळी घेऊन बाजाराला निघून जातात.