पेंटिंग सोडून इन्स्टॉलेशनकडे वळू का?

प्रश्न : मी कोल्हापुरात पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लँडस्केप, पोर्ट्रेटवर हात बसलाय. मुंबईतले सीनियर म्हणतात, कॅनव्हासचे दिवस गेले, आता कन्सेप्ट, म्हणजे कल्पना लागते. वडील शिरोलीत फाउंड्रीत आहेत, त्यांना माझ्या पोटापाण्याची काळजी. इन्स्टॉलेशनकडे, म्हणजे वस्तू आणि जागा वापरून केलेल्या मांडणीकडे वळू का? स्केचबुकचे फोटो जोडतोय.

उत्तर : या कारणासाठी तर मुळीच वळू नकोस.

सीनियर सांगतात ते एके काळी खरंच नवं होतं. १९६७ मध्ये अमेरिकन कलावंत सोल लेविटने लिहिलं, की कलाकृतीत कल्पना महत्त्वाची, ती घडवणं ही निव्वळ औपचारिकता. त्यानंतर चित्रकला संपल्याचं कितीदा तरी जाहीर झालं. पण १९८१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत नव्या पेंटिंगचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी आपल्याकडे ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, सुधीर पटवर्धन यांनी आसपासची माणसं कॅनव्हासवर आणली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयानेही समकालीन पेंटिंगचंच प्रदर्शन भरवलं. कन्सेप्टची सद्दी ओसरली, पण तिचा एक प्रश्न मागे उरला आणि तो रास्त आहे : हे चित्र तू का काढलंस?

तुझे रंकाळा तलावाचे वॉटरकलर सफाईदार आहेत. पण शालिनी पॅलेस, संध्यामठ, तोच मावळतीचा उजेड. खाली सही नसेल तर कुणाचे ते ओळखू येणार नाही. निसर्गचित्रकार आबालाल रहमान यांच्या गावात हे स्पष्ट सांगायलाच हवं. मी थांबलो ते वडिलांच्या बुटांच्या पेन्सिल स्केचपाशी. ओतकामात उडालेल्या तप्त धातूच्या रसाने चामड्याला पडलेली बारीक भोकं, टाचेकडे साचलेली काळी वाळू. हे तूच काढू शकतोस, कारण ते बूट तू रोज दारात बघतोस. वर्षभर याच विषयावर काम कर. मालकांची परवानगी काढून फाउंड्रीत बस, रात्रपाळीही बघ. तेवढ्यातून पंधरा-वीस चित्रांची मालिका उभी राहील.

पोटापाण्याचं म्हणशील, तर वडिलांची काळजी खरी आहे. नुसत्या चित्रविक्रीवर पहिली काही वर्षं घर चालणं अवघड. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून ठेव, म्हणजे शाळेत कलाशिक्षकासाठी अर्ज करता येईल. भरती मात्र बेभरवशाची, म्हणून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेत राहा. त्यात कमीपणा नाही. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले. पटवर्धन तर ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत कामगार आणि शहर रंगवत राहिले. त्यांची चित्रं मिळेल तिथे प्रत्यक्ष बघ, मोबाइलवर नको.

पुढे बडोद्याला पदव्युत्तर कलाशिक्षणासाठी अर्ज करायचा असेल तर आत्तापासून तयारीला लाग. शाहू स्मारकच्या कलादालनात दोघातिघांनी मिळून प्रदर्शन लावा, म्हणजे अनोळखी माणसांसमोर आपल्या कामाबद्दल बोलायची सवय होईल. पोर्टफोलिओत फाउंड्रीची मालिका आधी लाव. रंकाळ्याची दोन-तीनच ठेव, बाकीची काढ.