आजीच्या हुपरीच्या जुन्या पैंजणांवर कडीजवळ दोन अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ काय?

तुमच्या आजीच्या पैंजणांवरची ती अक्षरं म्हणजे बहुधा घडवणाऱ्या कारागिराचा किंवा विकणाऱ्या सराफाचा शिक्का. साधारणपणे नाव-आडनावाची आद्याक्षरं, कधी एखादं फूल नाहीतर चांदणी. पोलादी पंच ठेवून हातोडीचा ठोका दिला की ठसा उमटतो.

त्याचा खरा अर्थ जबाबदारी. दागिना मोडीला आला आणि चांदी हिणकस निघाली, तर जाब कुणाला विचारायचा हे त्यावरून कळतं. इंग्लंडात तर १३६३ साली कायद्यानेच प्रत्येक उस्ताद सोनाराला स्वतःची खूण ठेवायला लावली. माझ्या मते कारागिराची ती सहीच आहे, आणि हुपरीसारख्या चांदीच्या गावात तिला मान हवाच.

मात्र हा शिक्का शुद्धतेची हमी नव्हे. इथे अनेकांची गल्लत होते. शेजारी आकडा असेल तर तो टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, असू शकतो: ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. पण नुसता आकडा कुणीही ठोकू शकतो, सोबत बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) त्रिकोणी चिन्ह हवं. सोन्याच्या हॉलमार्कमध्ये पूर्वी सराफाची खूण असायची. जुलै २०२१ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, आला. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की सराफाची नोंदणी दिसते.

जुन्या पैंजणांना ॲप उपयोगाचं नाही. कोल्हापूरच्या गुजरीतल्या एखाद्या जुन्या सराफाला दाखवा, हुपरीची छाप त्यांच्या ओळखीची असू शकते. आणि पॉलिशला दिलेत तर तेवढी जागा घासू नका म्हणून आधीच सांगा.